धोंड्याच्या जेवणानंतरची दहा वर्षं

अहो विहीणबाई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत का? कुठून ऐकणार म्हणा, तुम्हाला तेव्हा शुद्ध नव्हती. न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं धरलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि तो कोवळा डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन सांगतोय, "काकू, आजींचं हार्ट मात्र एकदम छान चाललंय हं. वयाच्या मानानं फर्स्ट क्लास." मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? आयसीयूच्या दारात पदर तोंडात कोंबून मी हसले. मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. माझी लेक, तुमची सून. तिला वाटलं, आईचं डोकं फिरलं. आता तिला कसं सांगू, की ज्या हृदयाची आपण दोघींनी दहा वर्षं राखण केली, ते शेवटच्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झालं म्हणून मी हसतेय!

तुम्ही गेल्याला आज सव्वीस दिवस झाले. दहावं झालं, तेरावं झालं. पेपरात तुमचा फोटो आला, खाली तीन ओळी. निवृत्त शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव वगैरे. मनमिळाऊ म्हणे! ज्यानं लिहिलं त्याला तुम्ही कधी मीठ कमी कर म्हणून झापलेलं नसणार. त्या तीन ओळींत मी कुठे नाही, आणि असायचं कारणही नाही. मुलाची आई आणि मुलीची आई यांचं नातं कोण छापतं? लग्नात मानाची साडी, सणाला एक फोन, बाळंतपणात चार दिवस एकत्र, संपलं. आपलंही तेवढ्यावरच राहिलं असतं. मी देवळाली कॅम्पच्या बाजारात एका गाळ्यात शिलाई मशीन टाकून बसलेली, नवऱ्यामागे एकटी. तुम्ही तिकडे शहरात द्वारका चौकाजवळच्या, हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. लग्न ठरवायला बसलो तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं सातवी. तुम्ही म्हणालात, "बरं." त्या एका "बरं"चा राग मी पुढे कितीतरी महिने मनात धरून होते. आज सांगते.

त्या रागातूनच तर धोंड्याचं जेवण झालं. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना होता. अधिकात जावयाला धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्याच्याबरोबर त्याची आई आली तर पहिला मान तिचा. मी दोन दिवस खपत होते. पुरण घातलं, धोंडे तळले, कटाची आमटी, भजी, कुरडया, पापड, काही म्हणता काही सोडलं नाही. मनात एकच होतं. सातवी शिकलेली असेल, पण जेवायला घालण्यात बाई कमी पडली नाही, असं तुमच्या तोंडून यायला पाहिजे.

तुम्ही पानावर बसलात तेव्हाच तुमचा चेहरा ओढलेला होता. मला दिसलं. पण मी त्याचा अर्थ काढला, की बाईसाहेबांना आमची दोन खोल्यांची जागा पसंत नाही. दुसरा धोंडा वाढायला गेले तर तुम्ही हात आडवा केलात. मी तुमचा हात बाजूला सारला. "वरमायेनं एकावर उठायचं? शोभतं का?" तिसऱ्याला म्हटलं, "हा तुमच्या लेकाच्या नावाचा." चौथ्याला म्हटलं, "आता हा माझ्या लेकीसाठी, नाही म्हणालात तर समजेन राग आहे." प्रत्येकावर तुपाची धार. तुम्ही एक शब्द न बोलता खात होतात. विहिणीच्या घरी, मानाच्या पाटावर, चार माणसांदेखत नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान, हे तुम्हाला तुमच्या आईनं शिकवलेलं. आणि मला माझ्या आईनं शिकवलेलं, की पाहुण्याचं नको कधी खरं धरायचं नाही. दोघींच्या आया स्वर्गात बसून बघत असतील तर त्यांनी कपाळावर हात मारला असेल.

जेवण झालं आणि तुम्हाला दरदरून घाम सुटला. "पित्त झालंय," तुम्ही म्हणालात. मी सोडा-लिंबू दिलं, पंख्याखाली आडवं केलं. तुम्ही जबडा दाबून धरलात आणि म्हणालात, "आठ दिवस झाले, दाढ ठणकतेय." मी लवंग दिली. अहो, हार्ट अटॅक आलेल्या बाईला मी लवंग चघळायला दिली! आणि तुम्ही ती मुकाट्यानं चघळलीत, कारण मी ती देताना परत "नको म्हणू नका" म्हणाले होते. तासाभरानं तुमचे ओठ पांढरे पडायला लागले तेव्हा अभिजितनं, तुमच्या लेकानं, गाडी काढली. थोडा आणखी उशीर झाला असता तर बाई हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

बाजारात लगेच झालंच. "शालनबाईनं विहिणीला जेवू घातली ती थेट दवाखान्यात." मी दोन दिवस गाळा उघडला नाही. चौथ्या दिवशी दोन शहाळी घेऊन तुम्हाला भेटायला आले. वाटलं, आता ही बाई माझ्या लेकीचं जिणं हराम करणार. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "धोंडे छान झाले होते. जायफळ थोडं जास्त पडलं होतं." मी तिथेच भोकाड पसरलं. तुम्ही म्हणालात, "गप्प बसा आधी, नर्स येईल. चार धोंड्यांनी रक्तवाहिनी बंद पडत नाही, ते वर्षानुवर्षं साठत आलेलं असतं. चूक झाली ती माझी. तीस वर्षं मी फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढले. मुलींना पाठ करायला लावले. आणि माझं स्वतःचं हृदय ओरडून सांगत होतं, तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे गेले."

मग तुम्ही मला समजावलंत, तिथे पडल्यापडल्या. बायकांच्या छातीत सिनेमातल्यासारखी कळ येतेच असं नाही. कधी जबडा दुखतो, कधी पाठीत, खांद्याच्या पात्यांमध्ये भरून येतं, कधी मळमळ, कधी नुसता थकवा, की जिना चढवत नाही. बाई म्हणते पित्त, घरचे म्हणतात पित्त, कधीकधी डॉक्टरही पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतो. आता आता कुठे संशोधक बायकांच्या हृदयाकडे वेगळं म्हणून बघायला लागलेत, इतकी वर्षं सगळे हिशेब पुरुषांवरून चाललेले, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, ब्लाउज कधी शर्टाच्या मापावर शिवतात का? तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "शालनताई, हे वाक्य माझ्या वर्गात बोलायला हवं होतं." त्या दिवशी माझा "बरं"चा राग गेला.

बरं झाल्यावर तुम्ही दर मंगळवारी सिटी बस धरून कॅम्पात यायला लागलात. मंगळवारी माझा गाळा दुपारनंतर उघडतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि कॅम्पातल्यासारखे झाडांचे मोकळे रस्ते द्वारकेला कुठून आणू, असं तुमचं म्हणणं. चालण्याचा तुमचा नियम होता, की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, म्हणजे वेग बरोबर. बोलण्याची तर मला कधी अडचण नव्हती. तुम्हीच म्हणायचात, "ताई, तुमचा वेग बरोबर आहे की नाही हे कळायला तुम्ही एकदा तरी थांबायला हवं." लष्कराची पोरं आपल्या बाजूनं धाडधाड पळत जायची आणि तुम्ही त्यांच्या पाठमोऱ्या पोटऱ्यांकडे बघून सांगायचात, पोटरी म्हणजे पायातलं दुसरं हृदय, रक्त वर ढकलते. मी दिवसभर पायानं मशीन मारते म्हणून मला वाटलं माझं ते हृदय दणकट असणार. तुम्ही म्हणालात, पाऊल हलतंय पण तुम्ही बसलेल्याच आहात, दर अर्ध्या तासानं उठा. दुसऱ्या मंगळवारी तुम्ही कुकरजवळ ठेवतात तसलं एक घड्याळ आणून माझ्या मशीनवर ठेवलंत. ते अर्ध्या तासानं किंचाळायचं. दोन गिऱ्हाइकं दचकून मापाची टेप अंगावरून ओढून काढून निघून गेली.

आणि ते मीठ! ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टरांनी तुमचं मीठ कमी केलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की माझ्या घरी विहीणबाईंना आता साधं मीठ वर्ज्य. उपवासाला साधं चालत नाही, सैंधव चालतं, म्हणजे सैंधव निर्दोष, असा माझा सरळ हिशेब. सहा-सात महिने मी तुम्हाला भाजीत, ताकात, काकडीवर सढळ हातानं सैंधव घालून खाऊ घातलं. वर कौतुकानं म्हणायची, "घ्या निर्धास्त, बिनमिठाचं आहे." तुमचं बीपी काही उतरेना. तुम्ही बुचकळ्यात. मग एक दिवस तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलात आणि मी भाजीत काय टाकतेय ते बघितलंत. "अहो, हे मीठच आहे!" मी म्हटलं, "छे, हे उपवासाचं." तुम्ही डोक्याला हात लावून पाटावर बसलात. उपवास देवाला कळतो, हृदयाला नाही, म्हणालात. त्याच दिवशी पापड, लोणचं, चिवडा, फरसाण यांच्यावरही खटला चालला, कारण वरून मीठ घेत नाही म्हणत मी तेच बचकाभर खायची. मी तेव्हा फार चिडले होते. बिनपापडाची मिसळ म्हणजे काय मिसळ, असं मी तुमच्याशी भर रस्त्यात भांडले. आपलं ते भांडण मिटलंच नाही. अजूनही माझं मत तेच आहे, मिसळीबरोबर अर्धा पापड पाहिजे.

मशेरीचं मात्र तुम्ही जिंकलात. बत्तीस वर्षं मी सकाळी दातांना मशेरी लावत होते, तुम्हाला कळू न देता. डबी मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे. तुम्हाला वास आला. तुम्ही ओरडला नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणालात, "तंबाखू ओढा, खा, नाहीतर घासा, रक्तवाहिन्यांना सगळं सारखंच." आणि पुढच्या चार मंगळवारी तुम्ही बोललाच नाहीत त्यावर. मला तुमचं ओरडणं परवडतं, गप्प बसणं नाही. पाचव्या मंगळवारी मी ती डबी तुमच्या देखत कचराकुंडीत टाकली. तीन आठवडे डोकं असं उठायचं की मी दोन ब्लाउजांना डाव्या बाह्या दोन्हीकडे लावल्या. तुम्ही ते उसवून द्यायला बसलात, तुमच्या चष्म्यातून टाका न टाका बघत. शाळेत विज्ञान शिकवलेली बाई माझ्या गाळ्यात बसून उसवतेय, हे बघायला बाजार लोटला होता.

मग तुम्ही ते बीपीचं मशीन आणून गाळ्यातच ठेवलंत. बाई माप द्यायला आली की उजव्या दंडाचं माप मी घ्यायची आणि डाव्या दंडाला तुम्ही पट्टा बांधायचात. आधी बायका लाजल्या, मग रांग लागली. ती भाजीवाली सखूबाई आठवते? "बाई, माझंबी बघा ना, लय गरगरतंय आठ दिस." मशीननं आकडा दाखवला आणि तुमचा चेहरा बदलला. तुम्ही तिला तशीच, भाजीची पाटी माझ्या गाळ्यात ठेवून, दवाखान्यात घेऊन गेलात. सखूबाई आजही गोळी घेते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा गाळ्यात येऊन म्हणाली, "चांगली व्हती माय, पर बोलायची लय." मी म्हटलं, सखूबाई, हेच पेपरात छापायला पाहिजे होतं.

एकदा मी तुम्हाला म्हटलं, इतक्या लांबून माझ्यासाठी येता, उपकार आहेत तुमचे. तुम्ही चिडलात. म्हणालात, आता संशोधनात असं दिसतंय की एकटेपणासुद्धा हृदयाला बाधतो. "मी इथे औषध घ्यायला येते. उपकाराची भाषा परत काढलीत तर बसचं तिकीट तुमच्याकडून घेईन." मी हसले, पण नंतर घरी एकटी बसून त्यावर विचार करत राहिले. नवरा गेल्यापासून मला कोणी औषध म्हटलं नव्हतं.

आता जे बोलायचं राहिलंय त्याकडे येते. मी मुद्दामच लांबण लावतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

गणपतीच्या आधी आपण स्टेशनचा पूल चढत होतो. अर्ध्यात मी कठडा धरला. पाठीत, पात्यांमध्ये भरून आलं, दम लागला. मी म्हटलं, "सकाळचा चहा बाधला, पित्त झालं." तुम्ही एक पायरी वर होतात. वळून बघितलंत, आणि मला वाटलं तुम्ही आता माझ्या थोबाडीत मारणार. "शालन," तुम्ही म्हणालात, आयुष्यात पहिल्यांदा नुसतं शालन, "पित्त हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही." आणि तिथूनच रिक्षा. ईसीजीत गडबड निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करू, पण अँजिओग्राफी करून बघायला हवी, फार लांबवू नका.

मी तुम्हाला शपथ घातली, मनीषाला सांगायचं नाही. तुम्ही विचारलंत, का? मी कारणं सांगत गेले. तिचं ऑफिस, नातीची परीक्षा. खरं कारण तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मनीषाला कळलं की ती मला गाळा बंद करायला लावणार आणि आपल्या घरी नेणार. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं? माझी आई लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हती. तुम्ही म्हणालात, "लेकीच्या नका राहू, माझ्या घरी राहा. घर माझ्या नावावर आहे." मी म्हटलं, नको. तुम्ही परत म्हणालात. मी परत नको. तिसऱ्यांदाही तेच. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "तीनदा म्हटलं, आता तरी हे नको खरं आहे का खोटं, सांगा." मी बसमध्ये चढून निघून गेले.

पण तुम्ही शब्द पाळलात. सून एका घरात, चोवीस तास समोर, आणि तुम्ही ओठ उघडला नाहीत. रोज सकाळी आठला माझा फोन वाजायचा. "घेतली?" मी म्हणायची, "घेतली." तुम्ही म्हणायचात, "कधी सांगणार?" मी म्हणायची, गणपती होऊ द्या. मग नवरात्र होऊ द्या. मग दिवाळी. मग संक्रांत. संक्रांत झाली आणि त्या थंडीत तुम्हालाच खोकला झाला. तुमच्या आजारपणात मी सगळ्यांना म्हणत होते, त्यांची छाती कफानं भरलीय, वाफ द्या. स्वतःच्या छातीबद्दल अवाक्षर नाही.

आणि दवाखान्यात तुम्ही शेवटचं शुद्धीवर होतात ती दुपार. मास्कमुळे बोलता येत नव्हतं. मी पलंगाच्या एका बाजूला, मनीषा दुसऱ्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग तिच्याकडे. मग परत माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्यात, वर्गात उत्तर येत असून गप्प बसलेल्या पोरीकडे बघावं तसं. मला कळलं, विहीणबाई. स्वच्छ कळलं. मी मनीषाला म्हटलं, "त्यांना पाणी हवंय वाटतं." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. नंतर तुम्ही ते उघडले की नाही मला माहीत नाही, कारण मला बाहेर पाठवलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला याची लाज वाटते.

तुम्ही गेलात आणि आठचा फोन थांबला. मी गोळ्यांकडे बघायची आणि डबा मिटून ठेवायची. एक दिवस चुकला, मग दोन, मग मोजणं सोडलं. काही फार दुःखानं नव्हे हो. कुणी विचारणारं नाही म्हटल्यावर माणूस कसं सैल पडतं, तसं. पाण्याची बादली उचलली तरी पाठीत भरून यायला लागलं होतं.

मग तेरावं. तुमच्याच घरी, तुमच्याच हॉलमध्ये पंगत. गोड खाल्ल्याशिवाय दुखवटा सुटत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पानात जिलेबी. माझ्या पानात मनीषानं स्वतः वाढली, दोन. मी एक संपवली तर ती परत आली. चेहरा रडून सुजलेला, हातात ताट. "आई, घे ना आणखी. आईंच्या नावानं घे. तू नाही खाल्लंस तर कोण खाणार?" भोवतालच्या बायका म्हणाल्या, "घ्या हो, विहिणीच्या नावाचं नाही म्हणू नये." मी हात आडवा केला. मनीषानं तो बाजूला सारला. अगदी माझ्यासारखा, विहीणबाई, मनगटाला धरून. हे तिला मीच शिकवलेलं.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "नको म्हणजे नको. माझ्या हृदयाला त्रास आहे. गणपतीपासून. अँजिओग्राफी सांगितलीय, मी केली नाही. तुझ्या सासूबाईंना सगळं माहीत होतं, मीच त्यांचं तोंड बांधलं होतं." इतकं एका दमात. वाढणारी माणसं जागच्या जागी थांबली. मनीषा ताट तसंच धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "त्यांना सांगितलंस. मला नाही." आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ठीक आहे, रागावलीय म्हणजे ऐकलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर तिची स्कूटर थांबली. ती आत आली, माझ्या समोरच्या स्टुलावर बसली आणि भडाभडा बोलली. मी काय परकी आहे का, तुला काही झालं असतं तर मी दोघींना एका महिन्यात पोचवलं असतं का, गाळ्याला कोण कुलूप लावतंय, तुला कुठे राहायचं तिथे राहा पण मला सांगून राहा. शेवटी रडली. मी पण रडले. बाहेर एक गिऱ्हाईक साडीचा फॉल घेऊन उभं होतं, ते बिचारं परत गेलं. मनीषानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, फाईल घे."

निकाल आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्या. एका रक्तवाहिनीत अडथळा आहे, पण सध्या गोळ्यांवर आणि नेमानं राहण्यावर भागेल म्हणाले डॉक्टर. गोळ्या सोडल्या होत्या म्हणून बोलणी बसली, ती मी मान खाली घालून ऐकून घेतली. चालायला सांगितलंय. मीठ कमी सांगितलंय. मी विचारलं, सैंधव? डॉक्टर म्हणाले, तेही मीठच. मी म्हटलं, माहीत आहे, नुसतं विचारलं.

पण तपासणीला आत जाण्याआधी काउंटरवर जे झालं ते तुम्हाला सांगायला मी हे सगळं लिहायला बसलेय. तिथल्या मुलीनं माझा जुना कागद काढला. गणपतीच्या वेळचा, मी आत ईसीजीला झोपले होते तेव्हा तुम्ही भरलेला. मी तो कधी बघितलाच नव्हता. ती म्हणाली, "काकू, जवळचं माणूस म्हणून इथे ज्यांचा नंबर दिलाय, तो लागत नाहीये." मी म्हटलं, त्या वारल्या. मुलगी कावरीबावरी झाली. मनीषानं कागद आपल्याकडे ओढला आणि वाचता वाचता थांबली. मला वाटलं काहीतरी चुकलंय. मी चष्मा लावून वाकले. तुमचं ते फळ्यावरचं वळणदार अक्षर. तुमचं नाव, तुमचा फोन, आणि पुढे रुग्णाशी नाते, तिथे तुम्ही लिहिलं होतंत, मैत्रीण.

दहा वर्षं आपण एकमेकींना अहो-जाहो करत राहिलो. मानाच्या साड्या देत राहिलो, ओट्या भरत राहिलो. हा शब्द तुम्ही कधी तोंडातून काढला नाहीत, मीही नाही. सातवी शिकलेल्या शिंपिणीनं कसा काढावा? आणि तुम्ही तो माझ्या पाठीमागे, छापील रकान्यात, शाईनं लिहून ठेवलात.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे खोडून नवीन नाव टाकते." मनीषा म्हणाली, "खोडू नका." तिनं पेन घेतलं, तुमच्या ओळीखाली जागा होती तिथे आपलं नाव लिहिलं, आपला फोन लिहिला, आणि नात्यापुढे लिहिलं, मुलगी. मग आतून माझं नाव पुकारलं, तिनं माझी पर्स हातात घेतली आणि मी आत गेले.